उलट्या बाहीचा सदरा

आमच्या वेर्बिनच्या संग्रहालयात सध्या बघण्यासारखं काही नाही, तरी लोक येतात. युद्ध सुरू झालं त्या वसंतात आम्ही सगळ्या वस्तू पेट्यांत भरून पश्चिमेकडे पाठवल्या. कुठे, ते मी सांगणार नाही. मागे काचेची कपाटं राहिली, कपाटांतल्या खुंट्या राहिल्या आणि पाट्या राहिल्या. मी इथली प्रमुख, लिदिया प्रोकोपिव्ना. प्रमुख म्हणजे किल्ल्याही माझ्याकडे आणि झाडूही माझ्याकडे. शाळेची मुलं आली की मी त्यांना रिकाम्या कपाटांपुढून फिरवते. "हा मोराचं चित्र असलेला थाळा," मी म्हणते, आणि मुलं काचेत टक लावून बघत राहतात. एकदा एक मुलगी म्हणाली, "मोराचा एक डोळा उडालाय ना?" खरंच उडालेला होता. तिला कसा दिसला, देव जाणे.

शरद सुरू झाला की प्सेल नदीवरचं धुकं दारातून थेट आत येतं आणि कपाटांमध्ये जाऊन बसतं. अशा वेळी मला स्वतःलाच खात्री वाटत नाही, की वस्तू गेल्या आहेत की मी.

ही गोष्ट मात्र गेलेल्या वस्तूंची नाही, परत आलेल्या एका सदऱ्याची आहे.

उत्तरेकडे परदेशात समुद्राकाठी एक मोठं शहर आहे, तिथल्या मोठ्या संग्रहालयातल्या हेडविग नावाच्या बाईंचा मला फोन आला. पहिलं वाक्य त्या रशियनमध्ये बोलल्या, मी युक्रेनियनमध्ये उत्तर दिलं, आणि पलीकडे त्या अशा वरमल्या की मलाच वाईट वाटलं. नंतर त्या आमच्या भाषेत बोलायला लागल्या. नुकतीच शिकलेली, पुस्तकातली भाषा. "आदरणीय लिदिया प्रोकोपिव्ना, आमची संस्था सध्या निर्वसाहतीकरण करीत आहे." तोंडात अख्खा लाडू असताना बोलावं तसा तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला. म्हटलं, करा बाई, सावकाश करा.

अर्थ एवढाच होता, की त्यांच्याकडे शतकाहून जुना एक बायकांचा पायघोळ सदरा होता, पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच धाग्याने भरलेला. तसं भरतकाम आमच्याच भागातलं. त्याखाली आजवर पाटी होती: 'रशियन शेतकरी स्त्रीचा सदरा. कारागीर अज्ञात.' आता त्यांना खरी पाटी लिहायची होती. हे काही नवलाचं नव्हतं. तेव्हा साम्राज्याच्या राजधानीतून लोक यायचे, आमच्या बायकांचे संदूक उघडून चांगलं ते उचलायचे आणि परदेशातल्या प्रदर्शनात आपलं म्हणून मांडायचे. आयत्या पिठावर रेघोट्या. बाकीच्या जगानेही माना डोलावल्या, कारण पाटी वाचणं सोपं आणि माणसाला विचारणं अवघड.

व्हिडिओ कॉलवर सदरा बघायचा ठरला तेव्हा मी उस्तीना आजीला बोलावून घेतलं. त्या संग्रहालयामागेच राहायच्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण पांढऱ्यावर पांढरं भरणारी गावात त्यांच्या तोडीची दुसरी नाही. येताना सफरचंदं भरलेले वारेनिकी, उकडलेल्या करंज्यांसारखे, घेऊन आल्या, कारण माझी फुकटची चहा-बिस्किटं त्यांना अपमानास्पद वाटत.

पडद्यावर सदरा आला. नुसता पांढरा. हॉस्पिटलात पेशंटला घालतात तसा.

"काहीच दिसत नाही की," मी म्हटलं.

"कसं दिसेल? अगदी नाकासमोर दिवा धरलाय तिने," उस्तीना आजी पडद्याजवळ सरकल्या. "ए बाई! दिवा समोरून नको, कडेने धर. कडेने!"

हेडविगबाईंनी मुकाट्याने दिवा उचलून बाजूला नेला. आणि पांढऱ्यातून पांढरं वर आलं. आधी बाहीवर एक पान, मग वेल, हॉपची वेल, आमच्या प्रत्येक कुंपणावर चढते ती. रात्रभर बर्फ पडून सकाळी ऊन तिरपं आलं की शेतात जुन्या नांगराच्या रेघा दिसतात, तसं ते दिसलं.

"आता दुसरी बाही," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

दुसऱ्या बाहीवर वेल उलटी होती. एका हातावर वर चढणारी, दुसऱ्या हातावर खाली उतरणारी.

"यावरून आमच्याकडे पुष्कळ लेखन झालेले आहे," हेडविगबाई म्हणाल्या. "जन्म आणि मृत्यू, असे मानले जाते. स्लाव्ह आत्म्याचे गूढ."

उस्तीना आजी हसायला लागल्या. हसता हसता वारेनिकीची थाळी मांडीवरून खाली गेली, तरी थांबेनात. "गूढ! अगं लिदा, गूढ म्हणे! ही आमची यावदोखा! माझी आजी! आम्हाला गावात उलटबाहे का म्हणतात, माहीत नाही होय तुला?"

माहीत होतं. वेर्बिनमध्ये आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही. टोपणनावं पिढ्यानपिढ्या चालतात आणि कुठून आली ते विसरलं जातं. उस्तीना आजींचं अख्खं घराणं उलटबाहे. मला वाटायचं, कुणीतरी डावखुरा असेल.

"लग्नाचा सदरा भरत होती," आजी डोळे पुसत सांगू लागल्या. "खिडकीसमोर बसून. आणि बाहेर तिचा होणारा नवरा ओमेल्को घोड्याला पाणी पाजत होता, बिनसदऱ्याचा. आता बाही कुठल्या टोकाने धरलीय, तिकडे कुणाचं लक्ष राहील, तूच सांग? सासूने लग्नातच बघितलं आणि म्हणाली, आली गं बाई उलट्या बाहीची. झालं! तेव्हापासून आम्ही उलटबाहे. आणि हिच्याकडे त्याचा आत्मा झाला!"

मी हेडविगबाईंना सगळं नीट समजावून सांगितलं. त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "यावदोखा यांनी सदरा विकला होता का?"

उस्तीना आजींचं हसू गेलं. "विकला? राजधानीतला एक साहेब आला होता. म्हणाला, एक दिवस द्या, चित्र काढून परत आणतो. अजून आणतोय."

*

आमच्या भागात बाईचा लग्नाचा सदरा संदुकात तळाशी जपून ठेवतात. तो पुन्हा अंगावर चढतो तो एकदाच, जाताना. यावदोखाकडे तो नव्हता. बाकीचे सदरे भुकेच्या वर्षांत भाकरीसाठी गेले. म्हातारपणी ती वारली तेव्हा नणदेचा सदरा घालून तिला पुरावं लागलं. नणंद बुटकी, यावदोखा ताडमाड. उस्तीना आजी तेव्हा शाळकरी होत्या. शवपेटीत आजीची मनगटं उघडी राहिलेली त्यांनी पाहिली. थंडीचे दिवस होते.

"तेव्हापासून येते," त्या मला म्हणाल्या. "पहाटे, स्वप्नात. काही बोलत नाही, मागत नाही. कॉटच्या पायथ्याशी उभी राहून बाह्या खाली ओढत असते. या वयात, लिदा, मला तिच्याकडे बघवत नाही. आता मी तिच्याहून म्हातारी आहे. नात वाटते ती मला माझी."

सदरा परत मिळावा म्हणून हेडविगबाईंनी त्यांच्या लोकांशी पुष्कळ भांडण केलं असावं. युद्ध संपल्यावर सदरा देऊ, असं उत्तर आलं, तेव्हा उस्तीना आजींनी निरोप दिला, की माझ्याकडे तेवढी सवड नाही. शेवटी एका शरदात हेडविगबाई स्वतः आगगाडीने पेटी घेऊन आल्या. अटींची चळत सोबत होती: दगडी तळघर, जाड काच, कुलूप, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, आणि सदरा कायम संग्रहालयातच राहील. नाकापेक्षा मोती जड. पण मी सही केली, आनंदाने केली. अख्खा जन्म मी वस्तू कसरीपासून, ओलीपासून, मंत्र्यांपासून वाचवण्यात घालवलाय, आणि माझ्या कपाटांमध्ये धुक्याशिवाय काही उरलं नव्हतं. मला तो सदरा हवा होता.

तळघरात सदरा लावला, दिवा कडेने ठेवला. जमलेले लोक पुढे सरकले. उस्तीना आजी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग सगळे वर निघून गेल्यावर म्हणाल्या, "छान. आता तुझं बघून झालं की सांग. माझ्याबरोबर पाठव."

"कुठे पाठव?"

"कुठे काय? मी जाईन तेव्हा. माझ्या पेटीत ठेव, मी नेऊन देते तिला."

हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे कुणाचं काही मागे राहिलं तर ते पुढच्या जाणाऱ्याबरोबर पाठवतात. चष्मा, काठी, तंबाखू. मागे आमचा पोस्टमन वारला तेव्हा निम्म्या गावाने त्याच्या शवपेटीत काही ना काही ठेवलं. म्हणाले, वाटत फिरणं त्याचं कामच आहे.

"आजी, तो मातीत कुजेल!"

"सगळेच कुजतात."

"एवढं सगळं केलं ते काय जमिनीत घालायला?"

"आणि तू काय काचेत घालायला केलंस?"

"आपण हुबेहूब दुसरा भरून घेऊ. कापड मी देते. तो न्या."

उस्तीना आजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुलांना शिळं दूध देताना पकडली गेले होते. "एकदा तिला परका सदरा घालून पाठवलीय, लिदा. आता दुसरा परका पाठवू?"

मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. मी म्हटलं, ही सही केलीय मी, हा गावाचा ठेवा आहे, तुमच्या एकटीचा नाही. त्यांनी रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला आणि एकेक पायरी चढून गेल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याजवळ कधीही काढला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

तो हिवाळा आम्ही सदऱ्याभोवती काढला. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की आसपासचे लोक आमच्या तळघरात येत. थर्मासमधून लिंडनच्या फुलांचा चहा निघे, कुणी विणकाम काढी, कुणी पत्ते. वीज गेली की बॅटरीवरचा छोटा दिवा मी काचेच्या कडेला ठेवी. अंधारात फक्त त्या दोन बाह्या दिसत, एक वर चाललेली आणि एक खाली. वर काही धमधमलं की लोक त्या बाह्यांकडेच बघत बसत. हळूहळू बायका त्याच्याशी बोलायला लागल्या. "यावदोखा, सरक गं जरा, बसू दे," म्हणून कुणी काचेला टेकून बसे. मुलींनी वेल कागदावर उतरवली आणि हट्टाने एक बाही उलटीच भरली. माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्याही प्रदर्शनाकडे लोक असे बघताना मी पाहिले नव्हते.

म्हणजे माझंच बरोबर होतं. मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

उस्तीना आजीही येत. भोंगा नसला तरी येत. काचेपाशी स्टुलावर बसत आणि जाताना एवढंच म्हणत, "आजही आली होती." आणि मी मान हलवत असे, जणू त्यांनी हवामान सांगितलं.

मग एका दुपारी वरच्या दालनात खुर्चीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला. धुकं होतं. दालनातून एक उंच बाई चालत आली आणि पहिल्या कपाटासमोर उभी राहिली. मी सवयीने उठले आणि तिला दाखवायला लागले: हा मोराचा थाळा, हे गालिचे, ही वराच्या कमरेची लाल पट्टी. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दर कपाटाशी ती थोडं हसे, जणू घरच्याच वस्तू आहेत. शेवटी आम्ही तळघरात आलो. काचेत सदरा नव्हताच, आत नुसता प्रकाश होता. मी घाबरून म्हटलं, "इथे होता हो, आत्ता होता." ती म्हणाली, "असू दे." आणि सवय असल्यासारख्या बाह्या खाली ओढल्या. तिची मनगटं निळी पडली होती. शवपेटीत ती मनगटं उघडी राहिली तेव्हा जमलेल्यांपैकी कुणीतरी स्वतःची शाल तिच्यावर टाकायला हवी होती, असं मला वाटलं, आणि त्या जमलेल्यांत मीच उभी होते.

जागी झाले तेव्हा माझेच हात गारठले होते. मी हे कुणालाही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उस्तीना आजी आल्या, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. म्हणजे आता तुझ्याकडेही यायला लागली."

बर्फ वितळायच्या बेताला उस्तीना आजी गेल्या. झोपेत, शांतपणे. त्यांची मुलगी मोत्र्या सकाळी माझ्याकडे आली. रडून झालं होतं तिचं. "आईने मला बजावलंय, लिदाकडे मागू नकोस म्हणून," ती म्हणाली. "म्हणून मी मागत नाही. नुसती सांगायला आले." आणि ती तशीच उभी राहिली.

मी तळघरात गेले, आणि तिथूनच हेडविगबाईंना फोन लावला.

"आदरणीय लिदिया प्रोकोपिव्ना," सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हे शक्य नाही. तो नष्ट होईल. असे सदरे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत."

"मला माहीत आहे. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

"आपण सही केलेली आहे."

"केलीय. आणि मी ती मोडतेय. बाई, तुम्ही म्हणालात, सदरा तुमचा आहे, घ्या. आम्ही घेतला. मग तो घालायचा का टांगायचा, हेही तुम्हीच ठरवणार असाल, तर तो परत आला कुठे? तुमच्या काचेतून माझ्या काचेत आला, एवढंच. त्या साहेबाने तो एका दिवसासाठी नेला होता. मी तो दिवस संपवतेय."

"मी परवानगी देऊ शकत नाही."

"मी मागत नाहीये. तुम्हाला चोरून काही केलं असं नको, म्हणून सांगतेय."

फोनमधून त्यांच्या खिडकीबाहेरचे समुद्रपक्षी ऐकू आले. मग हेडविगबाई एकदम साध्या आवाजात बोलल्या. पहिल्यांदाच त्यांचं वाक्य पुस्तकातलं नव्हतं.

"चर्चमध्ये... पेटी खिडकीजवळ ठेवा. उजेड कडेने येऊ दे."

मी काचेचं कुलूप काढलं. सदरा हातात घेताना हातमोजे घालायचे असतात. मी घातले नाहीत. कापड गार होतं आणि वाटलं त्याहून जड. माझं रडू थांबेना, आणि ते उस्तीना आजींसाठी होतं असं मी म्हणणार नाही. मी सदऱ्यासाठी रडत होते. एवढं सुंदर काही माझ्याकडे पुन्हा येणार नव्हतं.

पेटी खिडकीपाशी ठेवली. सदरा घडी करून उस्तीना आजींच्या छातीवर ठेवला, दोन्ही बाह्या वर, म्हणजे वेल दिसेल. अंगात त्यांचा स्वतःचा सदरा होता, त्यांनीच भरलेला, दोन्ही बाह्या सुलट. ऊन तिरपं आलं आणि पानं उठली. मोत्र्या वाकून आईच्या कानाशी म्हणाली, "आई, हा यावदोखाचा आहे बरं का. तिथे गेल्यावर स्वतः घालून मिरवू नकोस. नेऊन दे." रडणाऱ्या बायका त्यातही हसल्या. मग झाकण बसलं.

हेडविगबाईंची नोकरी गेली नाही, एवढं उन्हाळ्यात कळलं. त्यांच्याकडची पाटी त्यांनी बदलली की नाही, मी विचारलं नाही. माझी मी लिहिली.

भोंगा वाजला की लोक अजून तळघरात येतात, त्याच काचेभोवती बसतात. वस्तू परत येतील तेव्हा वरची कपाटं भरतील, मोर येईल, गालिचे येतील. हे कपाट रिकामंच राहील. त्यात काही ठेवायची मला परवानगी नाही, आणि ही अट माझी मीच घातलीय. वीज गेली की मी दिवा कडेला ठेवते. नवखं कुणी आलं की काचेत बराच वेळ बघतं, काही सापडलं नाही की खाली वाकून पाटी वाचतं.

'लग्नाचा सदरा. पांढऱ्यावर पांढरं. भरणारी: यावदोखा, उलटबाहे. वेर्बिन. सध्या कुठे: मालकिणीच्या अंगावर.'